निर्जंतुक खत

आमच्या ह्यांनी आयुष्यात कुणाला इंजेक्शन टोचलं नाही की कुणाची नाडी पाहिली नाही. तरी हॉस्पिटलातलं एकही ऑपरेशन आपल्याशिवाय झालं नाही असं ते सांगतात, आणि ते खोटं नाही. हॉस्पिटलच्या तळघरात ह्यांची खोली होती. वर वापरून झालेल्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या खाली यायच्या. हे त्या घासायचे, पुसायचे, दुहेरी कापडात बांधायचे आणि कपाटाएवढ्या एका यंत्रात घालून त्यांच्यावरचा शेवटचा जंतू मरेपर्यंत वाफेत शिजवायचे. गाठोड्यावर एक चिकटपट्टी लावलेली असायची. वाफ पुरेशी लागली की त्या पट्टीवर काळ्या रेघा उमटत. रेघा फिक्या आल्या तर गाठोडं परत आत. सदतीस वर्षं हेच काम.

एकदा एक बडे सर्जन घाईत होते आणि रेघा फिक्या होत्या. सर्जन म्हणाले, चालेल. हे दारात आडवे उभे राहिले आणि नाही चालणार म्हणाले. वीस मिनिटं ते ऑपरेशन थांबलं. दुसऱ्या दिवशी सर्जन स्वतः तळघरात उतरून ह्यांना बिस्किटांचा पुडा देऊन गेले. तो पुडा आपण आधी बाहेरून स्पिरिटने पुसून घेतला आणि मगच उघडला, हे सांगताना ह्यांची मान अजून ताठ होते.

अशा माणसाशी संसार कसा होतो ते मला विचारा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ह्यांनी माझा कंगवा उकळला. तो प्लास्टिकचा होता. त्याचं जे काही झालं ते पाहून मी रडले, तेव्हा हे बिचारे धावत जाऊन नवा कंगवा घेऊन आले आणि तोही उकळला, फक्त जरा कमी वेळ. नळ कोपराने उघडायचा. हात धुतले की दोन्ही पंजे छातीपुढे वर धरून घरभर हिंडायचं, का तर टॉवेल कुणीतरी आणून द्यावा. पाहुण्यांना वाटायचं, हे शरण आले आहेत. मी चाळीस वर्षं टॉवेल आणून देते आहे.

माझं म्हणाल तर मी केक करते. आमच्या स्वयंपाकघरात ओव्हन आहे, मिक्सर आहे, दोन हात लांबीचा ओटा आहे, आणि त्या ओट्यावर गेली बावीस वर्षं माझं राज्य आहे. वाढदिवस, साखरपुडे, दुकानांची उद्घाटनं, गावभरच्या ऑर्डरी तिथे होतात. हे सकाळी डबा घेऊन तळघरात जायचे, संध्याकाळी यायचे, तोवर माझं आवरलेलं असायचं. त्यामुळे आमचं चांगलं चाललं होतं.

मग हे निवृत्त झाले. मी ह्यांना गॅलरीत एक खुर्ची मांडून दिली, शेजारी टीपॉय, त्यावर पेपर. आता आराम करा म्हटलं. ह्यांनी पेपर वाचला, पेपरची घडी केली, आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलं, काही हवंय का? मी म्हटलं, नको. पंधरा मिनिटांनी पुन्हा आले. नको म्हटलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी अंड्याचं पांढरं फेटत होते, आणि ते फेटताना माझ्याशी कुणी बोललेलं मला खपत नाही. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. हे मुकाट्याने गॅलरीत गेले.

आमच्या लेकीने हे सगळं फोनवर ऐकलं आणि तिच्या गावाहून एक डबा पाठवून दिला. पांढराशुभ्र, घट्ट झाकणाचा, झाकणात वास शोषणारी कोळशाची जाळी. ओट्यावर ठेवायचा, त्यात भाज्यांची सालं, देठं, अंड्यांची टरफलं टाकायची, भरला की गॅलरीतल्या पिंपात रिकामा करायचा, आणि तीन महिन्यांत खत. बाबांचा वेळ जाईल, आई, असं म्हणाली. बाबांचा वेळ जाईल आणि आईचा ओटा जाईल, हे तिच्या लक्षात आलं नाही.

कारण डबा ठेवायचा कुठे? ह्यांनी टेप घेऊन ओटा मोजला आणि मिक्सर आणि ओव्हन यांच्यामधली माझी केकवर क्रीम लावायची जागा निवडली. शेजारी एक स्टूल आणून ठेवलं आणि त्यावर बसले. मी म्हटलं, अहो, हा डबा आहे, पेशंट नाही, त्याच्या उशाशी बसायची गरज नाही. हे म्हणाले, सुरुवातीला लक्ष ठेवावं लागतं. बरं, बाजूला ठेवा म्हटलं तर बाजूला सिंक, सिंकचे शिंतोडे. दुसऱ्या बाजूला गॅस. शेवटी मी तोडगा काढला. तीन महिने. लेकीने तीनच सांगितलेत ना? तीन महिन्यांनंतरच्या पहिल्या रविवारी पिंपात खत दिसलं तर डबा आणि स्टूल जन्मभर इथे. नाही दिसलं तर दोन्ही बाहेर, आणि पुन्हा माझ्या ओट्याचं नाव काढायचं नाही.

हे लगेच कबूल झाले. इतक्या लगेच की मला संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवसापासून कामाला सुरुवात झाली. मी गाजर सोलू लागले की हे चिमटा घेऊन उभे. साल जमिनीवर पडलं तर ते बाद. ओट्यावर पडलं तर ते धुऊन घ्यायचं. हळूहळू सगळंच धुऊन घ्यायला लागले. केळ्याचं साल आतून बाहेरून धुतलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मग एका भांड्यात जंतुनाशकाचं गुलाबी पाणी आलं आणि त्यात सगळं दहा मिनिटं बुडवून ठेवायचं असं ठरलं. अंड्याच्या टरफलांच्या आतली पातळ साय हे बोटाने सोलून काढायचे आणि टरफलं आकारानुसार उपडी मांडून ठेवायचे. दिवसाला दोन डझन टरफलं. खुद्द डबा रोज संध्याकाळी स्पिरिटने पुसला जाई आणि झाकण उघडताना मला श्वास रोखायला सांगितलं जाई, माझ्या नव्हे, सालांच्या भल्यासाठी.

आता कचरा कुजला पाहिजे एवढं मलाही कळतं. मी एकदोनदा म्हणालेही, अहो, एवढं धुतात का? पण ह्यांनी अशा चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं की जणू विचारताहेत, सदतीस वर्षं मी काय तळघरात लोणचं घालत होतो का. तेव्हा मी गप्प बसले. मातीतलं मला तरी काय कळतंय? आमच्याकडे कुंडीतलं प्लास्टिकचं फूलसुद्धा फिकं पडतं.

आणि एक सांगायचं म्हणजे, हे तिथे बसले की गप्प बसत नसत. म्हणजे बोलत नसत, पण मला बोलायला लावत. हे पीठ दोनदा का चाळलं? ती दातांची डॉक्टरीणबाई केकवर दात काढून दे म्हणते ते खरं का? मग मी सांगायचे. गिऱ्हाइकांच्या तऱ्हा, नवऱ्याने एक ऑर्डर दिली आणि बायकोने दुसरी अशा भानगडी, एकाच मुलीच्या साखरपुड्याचे दोन केक आणि दोन्हींवर वेगवेगळ्या मुलांची नावं. हे चिमट्याने साल उचलता उचलता ऐकायचे. मध्येच माझा हात क्रीमच्या भांड्याकडे गेला की म्हणायचे, झाकण. मी ओरडायचे. ते झाकण लावायचे. असे अडीच महिने गेले.

ह्या अडीच महिन्यांत ना ओट्यावर वास आला, ना गॅलरीत. एक माशी फिरकली नाही. समोरच्या घरातल्या बाईंनी मुद्दाम येऊन नाक वर करून हुंगलं आणि काहीच येत नाही म्हणाल्या. ह्यांचा ऊर भरून आला. वास येणारच नाही, म्हणाले, पद्धत असली की वास येत नाही. मी पिंपात वाकून पाहिलं तर आत कागदी पुड्या होत्या, प्रत्येकीवर तारीख आणि ह्यांची सही. मी म्हटलं, हे काय? म्हणाले, सुटं टाकलं तर कुठलं कधीचं कसं कळणार? तेही मला पटलं. चाळीस वर्षांत माणूस कसल्याही गोष्टीला सरावतो.

मग तीन महिने भरायला आठवडा उरला असताना डॉक्टरीणबाईंचा फोन आला. ही दातांची डॉक्टर, नवा दवाखाना उघडला म्हणून तिने व्हॅनिलाचा दोन मजली केक मागवला होता, वर साखरेचा पांढरा दात. फोनवर ती फार गोड बोलली. काकू, केक दिसायला सुरेख होता, सगळ्यांनी फोटो काढले. मग जरा थांबली आणि म्हणाली, काकू, रागावू नका, पण त्यात कांदा घालतात का?

बावीस वर्षांत माझ्या केकला कुणी कांद्याचा म्हटलं नव्हतं. मी तशीच जाऊन ओव्हन उघडला. मधल्या जाळीवर दोन ट्रे. एकावर कांद्याची सालं नीट पसरलेली, दुसऱ्यावर बटाट्याची, मागच्या रांगेत टरफलं. आत अजून ऊब होती. हे स्टुलावर बसले होते, ते उठून उभे राहिले.

दुपारी मी आडवी झाले की उरलेल्या उष्णतेवर हे रोज माल वाळवत होते. ओल राहिली की जंतू होतात ना. मी विचारलं, कधीपासून? पहिल्या आठवड्यापासून, म्हणाले. खोटं बोलता येत नाही ह्यांना, तेवढाच एक गुण. माझं पित्त खवळलं. मी काय काय बोलले त्यातलं निम्मं मलाच आठवत नाही, पण शेवटचं आठवतं. येत्या रविवारी तीन महिने होतात, खत असेल तर दाखवा, नाहीतर हा डबा, हे स्टूल आणि तुम्ही, तिघांनी माझ्या स्वयंपाकघरातून निघायचं. आणि फुकट दुसरा केक करून डॉक्टरीणबाईंकडे पाठवला.

शनिवारी दुपारी हे न सांगता बाहेर गेले. कोपऱ्यावरच्या नर्सरीत गेले होते, हे मला मागाहून कळलं. तिथली बाई माझ्याच वयाची, तरी येईल त्याला काका म्हणणारी, गुडघ्यापर्यंत चिखल, नखं काळी. हे एरवी तिच्या फाटकासमोरून जाताना रस्ता ओलांडतात. त्या दिवशी मात्र ह्यांनी पिंपातली सगळ्यात जुनी पुडी घेतली, दुहेरी कापडात बांधली, वर ती चिकटपट्टी लावली आणि तिच्यापुढे ठेवून विचारलं, उद्यापर्यंत हे खत होईल का?

बाईने सोडलं, सोडलं, आणखी सोडलं. आत अंड्याचं एक टरफल होतं. तिने ते उजेडात धरलं आणि म्हणाली, काका, ह्यात अंडं परत घालता येईल. मग केळ्याचं साल घेतलं, ते वाकवलं तर मोडलं. तिने विचारलं, ह्यात जंतू कुठायत? हे म्हणाले, एकही नाही. किती अभिमानाने म्हणाले असतील ते मला न बघता दिसतं. ती बाई एका उपड्या कुंडीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिने समजावलं. खत आपण करत नाही, काका, जंतू करतात. तुम्ही कारखाना झकास बांधलात आणि सगळे कामगार मारून टाकलेत.

हे घरी आले ते थेट स्वयंपाकघरात. मी लिंबाच्या केकची तयारी करत होते आणि अजून रागातच होते. ह्यांनी मला घडलेलं सगळं सांगितलं, कामगार मारून टाकलेत तेसुद्धा. स्वतःची फजिती माणूस थोडी तरी लपवतो, हे तेही लपवत नाहीत. मग ह्यांनी डबा शेवटचा पुसला. ज्या खोक्यातून तो आला होता ते खोकं माळ्यावरून काढलं, डबा त्यात ठेवला, चिमटा ठेवला, गुलाबी पाण्याची बाटली ठेवली. स्टूल उचललं.

मी म्हटलं, रविवार उद्या आहे.

"निकाल आजच लागला," हे म्हणाले. "तुझा ओटा मोकळा झाला बघ. मला खताचं तसं काही नव्हतं गं. खाली यंत्राचा आवाज असायचा, तोंडाला मास्क, दिवसभर कुणी बोलायचं नाही. इथे बसलं की तू काही ना काही बोलतेस. ओरडतेस तेही चालतं मला. गॅलरीत तो पेपर एकदा वाचला की पुन्हा काही बोलत नाही."

काहीतरी चांगलं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, पेपर टीपॉयवर आहे. हे गॅलरीत जाऊन बसले.

ओटा मोकळा झाला. मी क्रीमचं भांडं मनाजोगतं मध्ये ठेवलं, दोन्ही हात पसरून काम केलं. केक फुगला तोही असा की फोटो काढावा. पण तो फुगला हे सांगायचं कुणाला? क्रीमचं भांडं अर्धा तास उघडं होतं आणि कुणी झाकण म्हणालं नाही. मला माझाच राग आला. चाळीस वर्षांत ह्या माणसाने काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते काय, तर माझं बोलणं. ते तर मी रस्त्यावरच्या कुणालाही फुकट देते. मला ते तिथे, मिक्सर आणि ओव्हनच्या मध्ये, हवे होते. पण पुन्हा येऊन बसा म्हणून सांगितलं तर आले नसते. पैज हरले होते. फिक्या रेघांचं गाठोडं पुढे जाऊ न देणारा माणूस, हरलेल्या पैजेवर स्टुलावर कसा बसेल?

मी लिंबं आणायला जाते म्हणून निघाले आणि नर्सरीत गेले. बाईला सगळं सांगितलं. ती पुन्हा हसायला लागली, मग एकदम थांबली आणि म्हणाली, काका सकाळी फिरायला जातात ना? सहाला जातात, म्हटलं, बरोबर सहा पन्नासला परत, एक मिनिट इकडेतिकडे नाही. ती म्हणाली, मग पन्नास मिनिटं पुष्कळ झाली. आणि मोबदल्यात काही नको, काकांची ती वाळवलेली सालं मला द्या, असला कोरडा माल मला विकत मिळत नाही.

रविवारी सहा वाजून पाच मिनिटांनी ती स्कूटरवर खताची दोन पोती आणि एक रिकामं पोतं घेऊन हजर. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. साठी ओलांडलेल्या दोन बायकांनी ती पोती जिन्यावरून कशी चढवली ते आमच्या गुडघ्यांना माहीत. पिंपात हात घातला तर पुड्याच पुड्या. एकेक फोडायची, माल तिच्या रिकाम्या पोत्यात, कागद बाजूला. सालं पोत्यात पडताना खडखडत होती. प्रत्येक पुडीवर ह्यांचं ते शाळकरी अक्षर आणि सही. एका पुडीवर तारखेखाली लिहिलं होतं, आज ही फार हसली. मी ती पुडी तशीच कपाटात ठेवली. बाई म्हणाली, भराभर हात चालवा, रडायचं मागाहून.

सहा पस्तीसला आम्ही खत ओतलं. काळं, ओलसर, भुसभुशीत. त्यातून एक गांडूळ निसटून गॅलरीच्या फरशीवर पडलं आणि खुर्चीखाली निघालं. बाईचे हात पोत्यात अडकलेले. मी धावत जाऊन हाताला लागेल ते घेऊन आले, ती निघाली केकवर क्रीम पसरायची माझी लांब सुरी, आणि त्या सुरीवर गांडूळ उचलून पिंपात सोडलं. हे आमच्या दोघींतच राहील असं ठरलं. सुरी मी तीनदा धुतली आणि मग, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच स्वतःहून, उकळली.

बाईची स्कूटर कोपऱ्यावर वळली आणि हे जिन्यात आले. मी गाऊनवरची माती झटकली आणि ह्यांना बूट काढायच्या आधीच म्हटलं, आज रविवार, तपासणी आहे. हे म्हणाले, काल झाली की. मी म्हटलं, अट कुणी घातली होती? मी. परीक्षक कोण? मी. उघडा पिंप.

ह्यांनी हातमोजे घातले. पिंपाचं झाकण काढलं आणि आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. काल दुपारी चार वाजता ह्याच पिंपात टरफलं खडखडत होती. मी रात्री अंथरुणात पडून एक भाषण तयार केलं होतं, ते भाषण मी म्हणायला लागले की हवा दमट झाली की शेवटी शेवटी फार भराभर होतं म्हणे, कधीकधी एका रात्रीत होतं, मी कुठेतरी वाचलंय. माझं मलाच ऐकवेना. ह्यांनी हातमोजे काढले, उघडा हात आत घातला आणि मूठभर माती वर घेतली.

मातीतून एक प्लास्टिकची पट्टी वर आली. कुंडीत खोचतात तसली, हिरवी. तिच्यावर पेनाने लिहिलं होतं, सावलीत ठेवा.

मी ती पाहिली. ह्यांनीही पाहिली. मग ह्यांनी मूठ मिटली आणि तो हात अगदी सावकाश पँटच्या खिशात घातला, जणू रुमाल शोधताहेत. बाहेर काढला तेव्हा हात रिकामा होता. गॅलरीच्या कठड्याबाहेर कुठेतरी पाहत म्हणाले, "झालं गं. वेळेत झालं." मी म्हटलं, झालं ना, मग ठरल्याप्रमाणे ठेवा तुमचा डबा ओट्यावर, मला आज तीन केक आहेत. आणि आत निघून आले, कारण माझं नाक वाहायला लागलं होतं.

हे डबा घेऊन आले. मिक्सर आणि ओव्हनच्या मध्ये ठेवला, शेजारी स्टूल. मी संत्रं सोलत होते. ह्यांनी हात पुढे केला. बोटांना माती होती, नखांत होती, आणि ती त्यांना दिसत होती. मी साल त्या हातावर ठेवलं. हे सवयीने नळाकडे वळले, कोपर वर उचललं, आणि तसेच थांबले. साल धुवावं की धुऊ नये, असे किती वेळ उभे होते कोण जाणे. मग वळले आणि तसंच्या तसं, न धुतलेलं, डब्यात टाकलं. झाकण लावलं. स्टुलावर बसले.

मला वाटलं, आता पट्टीचं विचारतील. ह्यांनी मांडीवर हात ठेवले, जरा पुढे सरकून बसले आणि विचारलं, "बरं, त्या दातांच्या डॉक्टरबाईंना तू काय सांगितलंस मग? पहिल्यापासून सांग."

मी सोललेलं संत्रं बाजूला ठेवलं आणि सांगायला लागले.